सप्ताह, तंबू आणि आपले कीर्तन

आम्ही राहतो त्या गावाचे नाव ईडन प्रेरी. अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या नैर्ऋत्येला, मिनेसोटा नदीच्या काठी ते वसलेले आहे. 'एदेन' हा शब्द आपल्या लोकांना परका नाही. घरात कोणी वारले की प्रार्थनेत 'गन एदेन' येतोच. या गावाला ते नाव मिळाले एका लेखिकेमुळे. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ एलेट या बाई १८५२ साली इकडे प्रवासाला आल्या होत्या. त्यांना हे माळरान पाहून एदेन बागेची आठवण झाली आणि तेच नाव पुढे रूढ झाले. एकच वर्ष आधी, १८५१ च्या तहांनी, डकोटा लोकांकडून ही जमीन घेतली गेली होती. एदेनमधून कोणाला तरी बाहेर काढलेले असते, हा त्या कथेचा दुसरा भाग बाईंच्या मनात आला होता की नाही कोण जाणे.

उन्हाळा आला की या गावात संध्याकाळी घरात बसवत नाही. निम्मे वर्ष थंडीत काढलेले लोक. त्यांना उजेडाची भूक असते. स्टेरिंग लेक नावाच्या तळ्याकाठी एक उघडे रंगमंदिर आहे. तिथे कधी गावच्या बँडचे वादन, कधी हौशी मंडळींचे नाटक, तर कधी पडद्यावर चित्रपट. लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या आणि सतरंज्या घेऊन येतात. शेजारच्या गावांतूनही असेच चालते, आणि या आठवड्यात कुठे काय आहे याची यादी वाचून माणसे आपल्या संध्याकाळी ठरवतात. मिनेसोटातले मराठी लोक आपला गणेशोत्सव करतात, दिवाळी करतात, मुलांना स्टेजवर उभे करतात. आपल्या समाजाची घरे या भागात बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा आपले काही त्या यादीत नसते याचे कोणाला नवल वाटत नाही. आम्हाला मात्र वाटते. आठवडाभर लोकांनी एकत्र जमावे, ऐकावे, गावे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनी फार जवळून पाहिली होती आणि तिच्यापासून स्वतःची एक कला उभी केली होती. तिची हकीकत परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना सांगितलेली बरी, म्हणून हा लेख.

कोकणातून आरंभ करू. आपल्यापैकी बहुतेकांची आडनावे ज्या गावांवरून पडली ती किहीम, नवगाव, झिराड, पेझारी, चेऊल, पेण, रोहा ही सारी गावे जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. १९८१ पासून त्याला रायगड म्हणतात. या मुलखात भात कापून झाले की जत्रांचे दिवस सुरू होतात. त्रिपुरी पौर्णिमेला कनकेश्वर, मग कार्तिक वद्यात वरसोलीच्या विठोबाची जत्रा, मार्गशीर्षात चेऊलच्या डोंगरावर दत्ताची. जत्रेत खेळणी, मिठाई, घोंगड्या आणि सुकी मासळी असतेच, पण रात्री भजन, कीर्तन, तमाशा, सोंगे हेही असते. ज्याला कधी मुंबई पाहायला मिळाली नाही त्याने साऱ्या कला तिथेच पाहिल्या.

जत्रेपेक्षा सप्ताह वेगळा. हल्लीच्या मुलांना हा शब्द फक्त सात दिवस एवढाच ठाऊक असतो. गावात 'सप्ताह बसला' म्हणजे विठ्ठलाच्या किंवा मारुतीच्या देवळात सात दिवस आणि सात रात्री हरिनामाचा घोष खंडू द्यायचा नाही. वीणा एकदा उभा राहिला की तो खाली ठेवायचा नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायचा, आणि कोणी कोणत्या वेळी उभे राहायचे याच्या पाळ्या घराघरांना वाटलेल्या असत. या पाळीला पहारा म्हणत. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन सगळ्या गावाचे जेवण. बाहेरून येणारा असला तर एखादा कीर्तनकार बुवा, बाकी सारे गावचेच. भात कांडणारी बाई, टाळ धरणारा कोळी, पखवाज वाजवणारा सुतार. त्यात पाहुणा कमी आणि यजमान फार.

या देखाव्यात आपले लोक कुठे होते? गावात आपल्याला शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून. ज्या गावात घाणा आपल्याच घरचा, तिथे देवळातल्या समईत जळणारे तेलही बहुधा आपल्याच घाण्याचे असणार. मूर्तीपूजा आपल्याला वर्ज्य, तेव्हा गाभाऱ्याशी आपला संबंध नाही. परंतु कीर्तन होते मंडपात, आणि मंडपाला भिंती नसतात. रात्रीच्या शांततेत बुवांचा आवाज दोन वाड्या ओलांडून ऐकू येतो. ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या घरांत मात्र त्या काळी सांगण्यासारख्या कथा फार थोड्या उरल्या होत्या. शब्बाथ होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते, 'शेमा' होती. सणही होते, पण त्यांना आपण मराठीच नावे दिलेली. नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. त्यांच्यामागची हकीकत पुष्कळांना ठाऊक नव्हती. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, त्यांनी प्रार्थनेची रीत घालून दिली. दुसरीकडे मुंबईत १८१३ पासून अमेरिकन मिशनरी बसले होते आणि पुढे स्कॉटिश पाद्री आले. त्यांच्या शाळांत आपली मुले शिकली, काही आपले लोक तिथे शिक्षकही झाले, आणि बायबलाचे मराठी भाषांतर प्रथम हाती आले ते या पाद्र्यांकडून. त्यांचा हेतू वेगळा होता. आपल्या लोकांनी भाषांतर घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. हा व्यवहार आपल्या इतिहासातला सगळ्यात शहाणपणाचा, असे आमचे मत आहे.

इथून पुढची पंधरा-वीस वर्षे पाहिली तर छाती भरून येते. १८७४ साली पुण्यात शिळाप्रेसवर हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा छापून निघाली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका जमिनीवर बसून, लुगडी नेसून काम करताना दिसतात. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांचे आणि ग्रंथांचे मराठी करण्यात आयुष्य घातले. आणि १८८० साली डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी मुंबईत कीर्तनाला हात घातला. या कामासाठी त्यांनी मंडळ काढले, त्याचे नाव कीर्तनोत्तेजक मंडळ.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सगळा महाराष्ट्र तेव्हा पदे गुणगुणू लागला होता. आपले लोक काही कडेला उभे नव्हते.

कीर्तनाचा साचा त्यांनी जसाच्या तसा घेतला. पूर्वरंगात एक विचार मांडायचा, त्याचे निरूपण करायचे. उत्तररंगात आख्यान लावायचे. साकी, दिंडी, ओवी, आर्या, श्लोक, पद हीच सामग्री. पेटी, तबला, झांजा याच. बदलले ते आख्यान. ध्रुव-प्रल्हादाच्या जागी अब्राहाम, योसेफ, मोशे आले. मूर्तीपुढे उभे राहणे गेले. परमेश्वराला हाक मारायची ती मराठीत, मध्येच एखादे हिब्रू वचन यायचे आणि लगेच त्याचा अर्थ उलगडून सांगितला जायचा. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकले हा प्रसंग पेणच्या म्हातारीला सिद्दूर वाचून कळला नसता, कारण तिला वाचता येत नव्हते. साकीतून तो तिला एका रात्रीत कळला आणि तिने तो सकाळी नातवाला सांगितला. हे काम त्या काळी दुसऱ्या कोणत्याही साधनाने झाले नसते.

हे उसने घेतलेले आहे, म्हणून आपले नव्हे, असे म्हणणारे तेव्हाही असतील आणि आजही आहेत. आम्हाला तो आक्षेप पटत नाही. अहमदनगरकडे अमेरिकन मिशनमधल्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्याही आधी कीर्तन हाती घेतले होते. पुढे लोकमान्यांच्या काळात राष्ट्रीय कीर्तन निघाले. मराठी माणसाला गंभीर गोष्ट सांगायची तर कीर्तनात सांगावी, एवढाच याचा अर्थ. भांडे कुंभाराचे असते, पण आमटी ज्याची त्याची.

आता अमेरिकेकडे येऊ, कारण याच वर्षांत इथेही एक तसलीच चळवळ उभी राहत होती आणि तिचा शेवट आपल्याला पुष्कळ काही सांगतो. १८७४ साली, म्हणजे पुण्याची हग्गादा निघाली त्याच वर्षी, न्यूयॉर्क राज्यात शटाक्वा नावाच्या तळ्याकाठी जॉन व्हिन्सेंट हे मेथडिस्ट पाद्री आणि लुईस मिलर हे ओहायोतले कारखानदार यांनी उन्हाळी मेळावा भरवला. हेतू साधा होता. मुलांना बायबल शिकवणाऱ्या रविवारच्या शाळांतील शिक्षकांनी शिकून तयार व्हावे. हळूहळू त्यात व्याख्याने आली, संगीत आले, वाचनमंडळे आली. लोक कुटुंबासह येऊन तळ्याकाठी राहू लागले आणि त्याच धर्तीवर ठिकठिकाणी मेळावे निघाले. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती या मेळाव्याची समवयस्कच म्हणायची.

पुढे १९०४ साली कीथ व्हॉटर नावाच्या व्यवस्थापकाने यातून धंदा काढला, तो फिरत्या शटाक्वाचा. तंबू घेऊन रेल्वेने गावोगाव जायचे. एका गावी पाच ते सात दिवसांचा कार्यक्रम: वक्ता, गायकवृंद, घंटावादन, नाटक, मुलांसाठी वेगळा वर्ग. युक्ती अशी की पहिल्या दिवसाचे कलावंत दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पहिल्या दिवसाचे काम करायचे, आणि दुसऱ्या दिवसाचे त्यांच्या मागून. तंबूंची आणि माणसांची साखळी उन्हाळाभर हलत राहायची. विल्यम जेनिंग्ज ब्रायन, जे तीनदा अध्यक्षपदासाठी उभे राहून तिन्ही वेळा हरले, ते या तंबूंतले सर्वांत लोकप्रिय वक्ते. मैलोगणती शेतांच्या मध्ये एकाकी राहणाऱ्या कुटुंबांना वर्षातला तो एक आठवडा म्हणजे आपल्या कोकणातल्या सप्ताहाइतकाच मोठा होता.

मेख होती ती करारात. तिकिटे कमी खपली तर तूट गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि प्रतिष्ठितांनी भरून द्यायची, अशा हमीवर त्यांच्या सह्या घेतल्या जात. कार्यक्रम रंगात आलेला असतानाच पुढच्या वर्षाचा कागद पुढे यायचा. गावाने काही गायचे नाही, काही रचायचे नाही, फक्त पैसे हमीने द्यायचे. मोटारगाडी आली, रेडिओ आला, १९२७ नंतर बोलपट आले, मग १९२९ ची मंदी. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत हे तंबू कायमचे गुंडाळले गेले. परंतु न्यूयॉर्कच्या तळ्याकाठचा मूळ मेळावा आजही दर उन्हाळ्यात भरतो. तिथे माणसे नुसती तिकीट काढून बसत नाहीत. राहतात, शिकतात, गातात. विकत आणलेला आठवडा मेला, घरचा आठवडा जगला. दोन्हींचे नाव एकच होते.

आपल्या कीर्तनाला ओहोटी लागली ती यांपैकी कोणत्या कारणाने? थोडी बोलपटानेही लागली, आणि त्यात एक गंमत आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट लागला. त्याची कथा लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपलेच. पुढे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर तर घराघरांत ओळखीचे झाले. ज्या पडद्याने कीर्तनाचे श्रोते पळवले त्याच्यामागेही आपली माणसे उभी होती. त्याचे वाईट का वाटावे? कला जिकडे जाते तिकडे कलावंत जाणारच.

खरे कारण स्थलांतराचे. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थानात आपली वस्ती सुमारे वीस हजार होती. पुढच्या काही दशकांत तिचा मोठा भाग इस्राएलला गेला, काही इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेत पांगले. इस्राएलमध्ये आरंभीची वर्षे कष्टाची. नव्या वस्त्या, नवी भाषा, आणि साठीच्या दशकात तर आपण पुरते यहुदी आहोत की नाही याच प्रश्नावर १९६४ साली यरुशलेममध्ये धरणे धरावे लागले. अशा वेळी तबला-पेटी काढून मराठी पदे म्हणायला मन धजत नाही. शिवाय आता मुलांना थेट हिब्रू येत होते. ज्या गरजेपोटी कीर्तन जन्मले ती गरजच संपली. मोशेची हकीकत कळायला त्यांना साकीची जरूर उरली नाही.

तरीही ते पुरते मेले नाही, आणि याचे श्रेय बायकांना आहे. आख्याने लावणारे पुरुष कीर्तनकार उणावले, पण त्यांतली पदे बायकांच्या वह्यांत उतरली होती. लोद, अश्दोद, बेएरशेबा, दिमोना या गावांतून आपल्या बायका जमून ती म्हणत राहिल्या. पिवळ्या पडलेल्या त्या वह्यांवर कीर्तनकारांचे नाव नसते, तारीख नसते, कित्येकदा पाने सुटी झालेली असतात. अॅना शुल्त्झ या अमेरिकन विदुषींनी आधी महाराष्ट्रातील राष्ट्रीय कीर्तनाचा अभ्यास केला, त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१३ साली आले. आपल्या बायकांच्या या मराठी गाण्यांवरही त्यांनी काम केले आहे. बाहेरच्या माणसाला जे मोलाचे वाटले ते आपल्या घरी माळ्यावर पडलेले असते, हा अनुभव नवा नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जुन्या मराठी पदांच्या पुस्तकांत स्वरलिपी नसते. पदाच्या डोक्यावर फक्त 'चाल' म्हणून एका दुसऱ्या पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. वाचणाऱ्याला ते दुसरे पद येत असणार, असे लेखकाने धरलेले. त्या काळी ते खरेच होते. नाटकातली पदे रस्त्यावरचा पोरगाही म्हणायचा. पण ते मूळ पद विसरले गेले की आपले पद मुके होते. अक्षरे शाबूत, छापील पुस्तक ग्रंथालयात शाबूत, आणि गाता येत नाही! चाल कागदावर नाही, ती गळ्यात आहे. ज्यांच्या गळ्यात आहे त्यांचे वय आज पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहे. म्हणून ईडन प्रेरीच्या त्या आठवड्याच्या यादीकडे आम्ही जरा अस्वस्थपणे पाहतो.

आमच्या मनात आहे ते असे. या भागात आपण चार घरे असलो तरी एका संध्याकाळचे एक आख्यान उभे करता येईल. तासाभराचे, त्याहून मोठे नको. पेटी आणि तबला वाजवणारे शेजारच्या मराठी घरांत आहेत. ते आनंदाने येतील, कारण साकी-दिंडी त्यांचीही आहे. राहता राहिला भाषेचा प्रश्न. नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही, मराठी कळते तेही निम्मे. यावर काही वडील मंडळी म्हणतात की मग कशाला, कोणासाठी? १८८० सालच्या मंडळींकडे पाहावे, म्हणजे उत्तर सापडते. श्रोत्यांना हिब्रू येत नव्हते, तेव्हा त्यांनी हिब्रू वचन टाकून दिले नाही. ते मराठीच्या मध्ये बसवले आणि अर्थ सांगितला. आज मराठी पद इंग्रजीच्या मध्ये बसवावे आणि अर्थ सांगावा. निरूपण इंग्रजीत, पद मराठीत, वचन हिब्रूत. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण कीर्तनात निरूपणकाराने श्रोत्यांच्या भाषेत बोलायचे असते, ही रीत आपण नव्याने काढलेली नाही.

आख्यान एस्तेरचे घ्यावे असे आम्हाला वाटते. परदेशी दरबारात आपली ओळख झाकून राहिलेल्या मुलीची गोष्ट इथल्या मुलांना समजावून सांगावी लागणार नाही. पुरीमला आपण पूर्वी होळीचा सण म्हणत होतो. तो फेब्रुवारी-मार्चात येतो आणि तेव्हा इथे तळे गोठलेले असते. उघड्या रंगमंदिरात जायचे तर उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागेल. तोवर तालमी होतील. एस्तेरच्या कीर्तनातली पदे ज्यांच्या घरी वहीत असतील त्यांनी त्या पानांची छायाचित्रे धाडावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांना चाल येते त्यांनी ती म्हणून, ध्वनिमुद्रित करून पाठवावी. आवाज बसला असेल, मधल्या ओळी गळत असतील, तरी चालेल. म्हणणाऱ्या आजीचे किंवा मावशीचे नाव, गाव आणि ती चाल कोणाकडून शिकली एवढे सोबत लिहावे. वही अश्दोदला आणि चाल ठाण्याला, असेही असू शकते. दोन्ही जुळवण्याचे काम आम्ही इथे बसून करू.